तिसरी प्रश्नपत्रिका

सरांनी बाईंच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर एक चौकोन काढला. उजवा हात धड होता. डावा मांडीवर पडलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"हा नकाशा," ते म्हणाले. "शेवटचा प्रश्न. मुलं तो खरोखरच शेवटी ठेवतात आणि घंटा होते. त्यांना सांगा, पेपर हातात आला की आधी नकाशा भरायचा. हातचे गुण आहेत ते."

पेन परत देऊन ते पुढे सांगू लागले. आधी गाळलेल्या जागा, मग जोड्या, मग कारणे द्या. वहीचे गुण आपल्या हातात. ते सगळ्यांना जवळजवळ पूर्ण द्यायचे, फक्त तसं त्यांना कळू द्यायचं नाही. हे सांगताना ते तोंडाच्या एका बाजूने हसले.

बाई लिहीत होत्या. वहीच्या गुणांपाशी त्यांचा हात अडखळला. ही परीक्षा त्यांनी स्वतः शाळेत असताना दिली होती. ती बंद होऊन तीन वर्षं झाली होती. आता भूगोलाच्या तीन प्रश्नपत्रिका असत आणि वहीला गुण नसत.

त्यांनी मान वर केली. दारात सरांच्या पत्नी चहाचा कप घेऊन उभ्या होत्या. त्यांनी बाईंकडे बघून अगदी हलकेच नकारार्थी मान हलवली. बाईंनी पुन्हा लिहायला सुरुवात केली.

बाई निघाल्या तेव्हा सरांच्या पत्नी, काकू, फाटकापर्यंत आल्या. आजारपणानंतर आजच सरांनी शर्ट मागितला, असं त्या सांगत होत्या. एरवी दिवसभर खिडकीकडे तोंड करून पडून असतात. बोलणं आलं, माणसं ओळखता येतात, पण मधली काही वर्षं पुसल्यासारखी झाली आहेत. थोरल्या मुलीचं लग्न अजून ठरायचंय असं समजतात. काकूंनी फाटकाची कडी उगाचच दोनदा लावली आणि काढली.

"पुढच्या आठवड्यात याल का?" त्यांनी विचारलं. "काहीही विचारा."

बाई हो म्हणाल्या आणि घरापर्यंत स्वतःवरच चिडत चालत राहिल्या. परीक्षा दोन महिन्यांवर आली होती.

त्या मुळात इतिहासाच्या. शाळेत भूगोलाला सर एकटेच होते. मुलं त्यांना पाठीमागे होकायंत्र म्हणत, कारण वर्गात कुठेही उभे असले तरी बोलता बोलता त्यांचं तोंड उत्तरेकडच्या खिडकीकडे वळे. त्या खिडकीपाशीच ते एका सकाळी खाली बसले आणि त्यांना उठता आलं नाही. चार दिवसांनी मोठ्या बाईंनी इतिहासाच्या बाईंना बोलावून घेतलं. इतिहास काय आणि भूगोल काय, शेजारी शेजारीच तर आहेत, असं त्या म्हणाल्या. बाईंना नाही म्हणायला सुचलं नाही. ते दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचलं.

धडे शिकवणं जमत होतं. नद्या, वारे, वस्त्या हे सगळं रात्री वाचून सकाळी सांगता येत होतं. अडत होतं ते परीक्षेपाशी. पहिली पत्रिका निसर्गाची, दुसरी माणसांची, इथवर ठीक. तिसरीत मात्र मुलांनी कधी न पाहिलेला नकाशा, तक्ते, छायाचित्रं पुढ्यात येत आणि त्यांवरून उत्तरं लिहायची असत. शिवाय क्षेत्रभेटीवर प्रश्न. मुलांनी बाहेर जाऊन काहीतरी मोजायचं, विचारायचं. पण त्या भेटीच्या अहवालाला गुण नाहीत, आणि तरी तिच्यावर प्रश्न आहेत. हे बाईंना कितीदा वाचूनही उमगत नव्हतं. नव्या परीक्षेचं परिपत्रक हातात असेतो सगळं कळल्यासारखं वाटे. वर्गात उभं राहिलं की डोकं कोरं.

दुसऱ्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं होतं, बाई, 'मूल्यमापन करा' म्हणजे नक्की काय करायचं? बाई उद्या सांगते म्हणाल्या. मुलीने तीन दिवस वाट पाहिली आणि मग विचारणं सोडून दिलं. हे जास्त लागलं. क्षेत्रभेट तर झालीच नव्हती. मोठ्या बाई रोज विचारत, मुलांना कधी नेताय? नेऊन काय करायचं हे माहीत नसल्यामुळे बाई रोज नवं कारण शोधत. स्टाफरूममध्ये त्यांना बसवत नसे. चहा अर्धा टाकून त्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत. शिपाई एकदा म्हणालाही, "बाई, फरशी झिजेल."

आठवड्याने त्या पुन्हा गेल्या. जायला वेळ नव्हता, पण फाटकाची ती कडी डोळ्यांपुढून हलत नव्हती.

सर दाढी करून खुर्चीत बसले होते. वाट बघत होते हे लपवायला त्यांनी वर्तमानपत्र धरलं होतं. बाई बसल्याबरोबर त्यांनी 'कारणे द्या'पासून सुरुवात केली. बाईंनी पेन उघडलं. टोपण बसवलं. पुन्हा उघडलं. डाव्या पायाची टाच जमिनीवर आपटत होती, ती त्यांनी दुसऱ्या पायाने दाबून धरली.

सर बोलता बोलता थांबले.

"तुम्ही लिहीत नाही आहात."

"लिहिते ना."

"हे आता चालत नाही का?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज बंद झाला. बाईंनी खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण सरांची नजर सरळ होती. उत्तर माहीत नसलेल्या मुलाकडे ते अशाच नजरेने बघत असणार.

"नाही, सर. बदललं सगळं."

"कधी?"

"तीन वर्षं झाली."

सरांनी उजव्या हाताने डावा हात उचलून नीट मांडीवर ठेवला.

"मग तीन वर्षं शिकवलं कुणी?"

"तुम्हीच."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, पण आत आल्या नाहीत. बाईंना वाटलं, आपण उठून जावं. तेवढ्यात सर म्हणाले, "निकाल?"

"चांगले लागले. दरवर्षी."

"हं." त्यांनी वर्तमानपत्र बाजूला सारलं. "सांगा मग. पहिल्यापासून. मला काही येत नाही असं धरून."

बाईंनी सुरुवात केली. पहिली, दुसरी त्यांनी भरभर उरकली. सरांनी त्यांना हात वर करून थांबवलं. "हळू," ते म्हणाले. एवढ्या वेगाने मुलांना कळत नाही. तिसरीपाशी आल्यावर सरांनी विचारलं, भेटीला गुण नाहीत तर परीक्षक विचारणार काय? बाईंनी परिपत्रकातलं वाक्य म्हणून दाखवलं. सरांनी नाही म्हणून मान हलवली. हे पाठ केलंत, सांगितलं नाहीत.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. मग त्यांनी एक काल्पनिक उदाहरण घेतलं. समजा, मुलं बाजाराच्या रस्त्यावर उभी राहून गर्दी मोजतात आणि लिहितात की इथे गर्दी फार नसते.

"बरोबर आहे का ते?" सरांनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी मोजलं असेल तर नाही." बोलता बोलता बाई पुढे सरकून बसल्या. "आणि तेच विचारतात, सर. काय सापडलं ते नाही. कसं मोजलं, त्यावर विश्वास किती ठेवायचा, पुन्हा करायचं तर काय बदलाल. मूल्यमापन म्हणजे तेच."

"म्हणजे चुकलं तरी गुण?"

"कुठे चुकलं ते सांगता आलं, तर."

सर खिडकीकडे बघत होते. "मग न्या त्यांना," ते म्हणाले, "आणि सगळं तयार करून देऊ नका. थोडं चुकू द्या."

बाईंच्या लक्षात आलं, की बऱ्याच वेळात आपला पाय हललेला नाही. काकू आता आत येऊन पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, पदराला हात पुसत.

"मी हे कसं शिकवायचो?" सरांनी विचारलं. त्यांनी ते काकूंना विचारलं की बाईंना, ते कळलं नाही. काकू पदराकडे बघत राहिल्या.

"माझा वर्ग तुमच्या शेजारचा," बाई म्हणाल्या. "भिंतीतून शब्द कळायचे नाहीत. पण तुमची मुलं हसायची आणि माझी मुलं भिंतीकडे बघत बसायची. मला राग यायचा."

सरांनी ते ऐकून घेतलं. चेहऱ्याची चांगली बाजू क्षणभर हलली. मग त्यांनी टेबलावरचा एक कोरा कागद ओढून गुडघ्यावर ठेवला आणि पेनासाठी हात पुढे केला.

"तिसरी पुन्हा सांगा," ते म्हणाले. "सावकाश. मला लिहायला वेळ लागतो."