बाटली ओतून काही होणार नाही

मेकॅनिकच्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत मी दोनदा नापास झाले होते, तिसऱ्यांदा झाले असते तर दोन वर्षं परीक्षेलाच बसू देणार नव्हते. त्यात नवा नियम आला होता: जो माणूस गाडी उघडतो, त्याच्याच नावावर प्रमाणपत्र पाहिजे, नाहीतर एक तारखेपासून गॅरेजचं शटर खाली. आमच्या गॅरेजात गाड्या मी उघडते. नवऱ्याकडे प्रमाणपत्र आहे, पण त्याच्या हातांना ऑइल सोसत नाही. बोटं फुटतात, रक्त येतं. डॉक्टरांनी साफ बंदी घातली, तेव्हापासून तो घर आणि फोन सांभाळतो आणि मी इंजिनं. अकरा वर्षं झाली.

आता कोणी म्हणेल, अकरा वर्षं इंजिनं उघडणारी बाई दोनदा नापास कशी काय? तर एकाच प्रश्नावर. तोंडी परीक्षेतला चौथा प्रश्न, ज्यात पास होणं सक्तीचं. टर्बो गाडी आहे, साठ हजार किलोमीटर चाललेली. सकाळी थंड असताना थरथरते, गचके खाते, चढावर दम टाकते. उपाय सांगा. उत्तरसूचीत उत्तर असं: पेट्रोलच्या टाकीत क्लीनरची एक बाटली ओतावी. मी दोन्ही वेळा म्हणाले, बाटली ओतून काही होणार नाही. दोन्ही वेळा शून्य.

आणि ही उत्तरसूची लिहिली कोणी? माझ्या सासऱ्यांनी. घ्या!

ही परीक्षा घेणाऱ्या संस्थेत आबा चाळीस वर्षं मास्तर होते. शहरातल्या निम्म्या मेकॅनिकांनी त्यांच्या हातच्या चापट्या खाल्ल्यात. परीक्षेच्या दिवशी सकाळी त्यांनी कप बशीत आपटला.

"एक वाक्य आहे, सूनबाई. बोल आणि मोकळी हो. नंतर गॅरेजात तुला हवं ते कर, मी बघायला येतोय का?"

"परीक्षेत एक बोलायचं आणि गिऱ्हाइकाला दुसरं सांगायचं, हे मला नाही जमत आबा."

"तुला काहीच जमत नाही. तोंड तेवढं चालतं."

"ते तुमच्याच घरात येऊन चालायला लागलं."

नवरा भांडी विसळत होता. "भांडा," तो म्हणाला, "पण चहा संपवून भांडा, गार होतोय."

माझा नुसता हट्ट असता तर मी सोडूनही दिला असता. पण मागच्याच महिन्यात एक नर्स आली होती. प्रमाणपत्रवाल्या तीन मेकॅनिकांनी तिला बाटल्या ओतायला लावल्या होत्या, एकूण नऊ. ड्युटीवर जाताना भर चौकात गाडी बंद पडली, मागून लोक शिव्या घालत होते, आणि ही बाई स्टीअरिंगवर डोकं टेकवून रडत होती. माझ्यापाशी आली तेव्हाही तिचे डोळे लालच होते. मी तिच्या इंजिनाची काजळी काढली आणि त्या तिघांच्या नावानं मनसोक्त बोटं मोडली. आता मी तेच वाक्य बोलून त्यांच्यातली चौथी होऊ? नावच काढू नका.

आबा माझ्याबरोबर आले. म्हणाले, घरात बसून रक्तदाब वाढवण्यापेक्षा तिथे बसून वाढवतो.

संस्थेत त्यांना पाहताच मुख्य परीक्षक खुर्चीतून उठलेच. तेही आबांचे विद्यार्थी. "मास्तर, तुम्ही बाहेर बाकावर बसणार? छे छे, आत या." आबा आत, भिंतीपाशी, दोन्ही हात काठीवर ठेवून बसले. टेबलाशी मुख्य परीक्षक, शेजारी एक तरुण परीक्षक बाई. मुख्य विचारायचे, बाई लिहायच्या.

पहिले तीन प्रश्न मी चुटकीसरशी संपवले. चौथा आला. मुख्य परीक्षकांनी माझ्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला.

"वहिनी, शांतपणे. घाई नको. अशा गाडीच्या टाकीत..." आणि पुढचं वाक्य मी पूर्ण करावं म्हणून ते तोंड उघडं ठेवून थांबले.

"अशा गाडीच्या टाकीत काहीही ओता, फरक पडणार नाही," मी म्हणाले.

भिंतीपाशी काठी आपटल्याचा आवाज आला.

"अहो, पण सूचीत..."

"ऐकून तर घ्या. पूर्वीच्या गाडीत इंजेक्टर कुठे असायचा? हवा आत जाते त्या वाटेवर. पेट्रोलचा फवारा आधी व्हॉल्व्हच्या पाठीवर पडायचा, मग सिलिंडरमध्ये जायचा. येता-जाता व्हॉल्व्ह धुऊन निघायचा. त्या गाडीत बाटली ओतली तर उपयोग होता. आताच्या ह्या टर्बो गाडीत इंजेक्टर थेट सिलिंडरच्या आत फवारा मारतो. पेट्रोल त्या पाठीला शिवतसुद्धा नाही. तिथे जाते ती नुसती हवा, आणि हवेबरोबर इंजिनाच्या पोटातली ऑइलची वाफ. ती तापलेल्या व्हॉल्व्हवर बसते, भाजते, थरावर थर चढतात. वाटच बुजते. टाकीतलं औषध तिथे पोचणार कसं? हवेच्या वाटेचं ते मॅनिफोल्डच काढून व्हॉल्व्ह खरवडावे लागतात."

"सूचीत तसं नाही हो."

"सूची कुठे गाडी चालवते?"

त्यांनी उसासा टाकला आणि बाईंना खूण केली. बाईंचं पेन शून्याकडे निघालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी सरळ त्या कागदावर पंजा ठेवला.

"थांबा. मागच्या शेडमध्ये तुमची शिकवायची गाडी आहे, ती टर्बोच ना? तिच्यात प्रॅक्टिकलला बाटली ओतता?"

"प्रत्येक तुकडीला," मुख्य परीक्षक जरा ताठ होऊन म्हणाले. "एकतीस तुकड्या झाल्या."

"एकतीस बाटल्या! मग तिचे व्हॉल्व्ह आरशासारखे लखलखत असतील. चला, उघडू या. लखलखत असले तर मी तुमचं वाक्य दहा वेळा म्हणते."

"परीक्षेत इंजिन उघडायची तरतूद नाही."

"उघडू नये असं तरी कुठे लिहिलंय?"

परीक्षक बाईंनी नियमांची पुस्तिका उचलली, दोन पानं उलटली. "तसं लिहिलेलं नाही, सर," त्या म्हणाल्या. सरांनी नाइलाजानं शेडची किल्ली काढली.

शेडमध्ये ती गाडी चार ठोकळ्यांवर उभी होती. फाटकाबाहेर कधी गेलेलीच नाही. विद्यार्थी यायचे, जागेवरच तासन्‌तास इंजिन चालवायचे, बाटली ओतायचे, वहीत बरोबरची खूण करायचे आणि घरी जायचे. आत काय झालंय हे एकतीस तुकड्यांमध्ये कोणी उघडून बघितलं नव्हतं. मी बाह्या वर केल्या. हवेचा पाइप सुटला, वायरींचे जोड सुटले, बोल्ट एका ओळीत फडक्यावर मांडले. बातमी पसरली असावी, कारण शेडच्या दाराशी बाकीचे उमेदवार जमले होते.

"सावकाश," मागून आबांचा आवाज आला. "गॅस्केट फाडशील."

"फाटलं तर नवं बसवीन."

तासाभरात मॅनिफोल्ड हातात आलं. मी बाजूला झाले. "या, बघा तुमचा आरसा."

मुख्य परीक्षकांनी आत बॅटरीचा झोत मारला. व्हॉल्व्ह दिसतच नव्हता. दिसत होता एक काळा, खरखरीत गोळा, आणि हवेला जायला उरलेली बोटभर फट. मी स्क्रू ड्रायव्हरनं टोचलं तर काजळीची खपली निघून फडक्यावर पडली, नाण्याएवढी जाड. दाराशी कोणीतरी "आयला!" म्हणालं.

"पेट्रोल भेसळीचं असेल," मुख्य परीक्षक पुटपुटले.

"अहो साहेब, पेट्रोल इथे पोचतच नाही! मघापासून मी काय भिंतीशी बोलतेय?"

आबा काठी टेकत पुढे आले. त्यांनी बॅटरी घेतली, वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग बोट आत घालून फिरवलं, नाकाशी नेलं.

"ऑइल," ते म्हणाले. "जळकं ऑइल." मग इंजेक्टर शोधला, त्याचं टोक कुठे घुसतंय ते बोटानं चाचपलं. "हा आतच मारतो."

"हो."

"पाठीवर थेंबही पडत नाही."

"नाही, आबा."

"मी लिहिलं तेव्हा बरोबर होतं." आवाज एकदम म्हातारा झाला होता. इतकी वर्षं मी ह्या माणसाशी रोज भांडले, पण त्या वेळी मला त्यांचं फार वाईट वाटलं.

"तेव्हा शंभर टक्के बरोबर होतं," मी म्हणाले. उगीच समजूत काढायला नाही म्हणाले. त्यांच्या इंजिनांत ते होतंच बरोबर.

मुख्य परीक्षकांनी घाम पुसला आणि मला जरा बाजूला घेतलं, पण आवाज काही त्यांना दबवता आला नाही. "वहिनी, तुमचं म्हणणं पटलं. पण सूची बदलायची तर लिहिणाऱ्यानं स्वतः, चूक झाली म्हणून सही करावी लागते. आता चारचौघांत मास्तरांना कसं सांगायचं? निकाल आजच पाठवायचाय. तुम्ही ते एक वाक्य बोला, मी पास लिहितो. सूचीचं पुढच्या वर्षी बघू. मास्तरांचाही मान राहील."

खरं सांगते, मोह झाला. डोळ्यांपुढे नवऱ्याचे ते फुटलेले हात आले. शटर पडलं तर तो गुपचूप पुन्हा पाना हातात घेणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. एक वाक्य. चार लोक ऐकतील, विसरून जातील. मी आबांकडे पाहिलं. ते इंजिनाकडेच बघत होते.

"नाही बोलणार," मी म्हणाले. "शून्य लिहा. दोन वर्षांनी पुन्हा येईन आणि पुन्हा हेच सांगेन. तोवर ही गाडी झाकू नका, येणाऱ्या प्रत्येकाला दाखवा."

बाईंनी पेन उघडलं नाही.

"कोणाचा मान रे?" आबा वळले. आवाज अगदी हळू होता. "माझा मान राखायला माझ्या सुनेनं खोटं बोलायचं? हे शिकवलं होतं मी तुला? सूची आण इकडे."

"मास्तर, तसं नाही..."

"आण म्हणतो ना!"

सूची आली. आबांनी ती गाडीच्या बॉनेटवर ठेवली, चौथ्या उत्तरावर आडवी रेघ मारली आणि खाली आपल्या फळ्यावरच्या मोठ्या अक्षरात लिहिलं: जुन्या इंजिनाला बरोबर, नव्याला चूक. चूक माझी. मग सही, तारीख. अक्षर एकही वाकडं गेलं नाही. परीक्षक बाईंनी माझ्या कागदावर वीसपैकी वीस लिहिले आणि सरांना न विचारताच शिक्का मारला.

मी रडले. लपवत कशाला बसू? काळ्या हातांनी डोळे पुसले आणि तोंडभर काजळी झाली.

"चला आबा, घरी," मी म्हणाले.

आबा हलले नाहीत. टायरांच्या थप्पीवर जाऊन बसले. "आता माझी परीक्षा घ्या."

मुख्य परीक्षक कसनुसं हसले. "काय थट्टा करता मास्तर! आमची काय पात्रता?"

"तुझी नाहीच आहे. हिची आहे. विचार गं."

दाराशी जमलेले सगळे बघत होते. माझ्या मनात आलं, सोपा काहीतरी विचारावा, एवढ्या लोकांत म्हाताऱ्या माणसाची शोभा नको. मग माझा मलाच राग आला. त्यांनी मला कधी सोपा विचारला होता?

"ही काजळी काढायला अक्रोडाच्या टरफलांची भरड हवेच्या दाबानं आत मारायची आहे," मी म्हणाले. "मारायच्या आधी काय बघाल?"

आबांनी कपाळाला आठ्या घातल्या. इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"माहीत नाही," ते म्हणाले, दारातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "शिकव."

"उठा मग," मी म्हणाले. "आधी व्हॉल्व्ह पुरता बंद पाहिजे, नाहीतर भरड सिलिंडरमध्ये जाईल." आणि त्यांच्या हातात पाना देऊन मी त्यांना व्हॉल्व्ह मिटेपर्यंत इंजिन फिरवायला लावलं.