खिंडीपलीकडच्या फेऱ्या

देव्हाऱ्यातल्या वडिलांच्या तसबिरीपुढे ताज्या भाताची वाटी ठेवून, हात जोडून ताझुको निघाली ती थेट नगरकचेरीत. आकिताच्या त्या डोंगराळ गावात मार्च उजाडला की वर्षाच्या कराचा हिशेब भरायला स्वतःचा धंदा करणाऱ्या साऱ्यांचीच पावलं तिकडे वळतात. सुतार, शिंपिणी, सगळे पावत्यांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेले, आणि कोणी कोणाच्या पिशवीकडे बघत नव्हतं.

ताझुकोचा धंदा म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांचे केस कापायचे. एक कात्री, एक एप्रन आणि एक छोटी पांढरी गाडी, एवढंच भांडवल. गाडीची सक्तीची सरकारी तपासणी एप्रिलात होती आणि तिचा खर्च ऐकून ताझुकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गाडीचा खर्च धंद्यात धरला गेला, तर कर आणि मिळकतीवर ठरणारा आरोग्यविम्याचा हप्ता आवाक्यात राहणार होता, तपासणीपुरतं हातात उरणार होतं. नाहीतर गाडी विकायची. आणि आई होती खिंडीपलीकडच्या वृद्धाश्रमात. तिकडची बस दोन वर्षांपूर्वी बंद झाली, ती झालीच.

सल्ला द्यायला टेबलामागे ओरिकासा बसला होता. शाळेत तिच्याच वर्गात असलेला, बँकेतून निवृत्त झालेला.

"धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं आणलंय. दरवर्षीचंच," ती म्हणाली.

"ठेव खाली पटकन. लाचेत धरतील मला." हसत त्याने तिची गाडीच्या फेऱ्यांची वही उघडली. "जवळजवळ सगळं धंद्यात? मग भाजी आणायला काय उडत जातेस?"

"भाजीच्या फेऱ्या वेगळ्या काढल्यात मी. बघ तरी."

पानं उलटता उलटता त्याचं बोट थांबलं. "हे मात्सुकाझे म्हणजे काकू राहतात तो आश्रम ना? आठवड्यातून तीनदा?"

"तिथे मी केस कापते."

"कोणाचे?"

"आईचे."

"अगं, केस म्हणजे काय गवत आहे? आठवड्यातून तीनदा कापायला?"

मागे बसलेली शिंपीण खुदकन हसली. ताझुकोने मान खाली घातली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मुलगी म्हणून गेले की ती घंटा दाबते. म्हणते, कोणी परकी बाई खोलीत शिरली. एप्रन घालून गेले की हसते, आपणहून खुर्चीत बसते. म्हणून मी धंद्यालाच जाते रे. खोटं नाही लिहिलेलं."

ओरिकासाने चष्मा काढला. उगीचच पुसला.

"पैसे घेतेस तिच्याकडून?"

"ती म्हणते, माझी मुलगी देईल."

त्याने चष्मा पुन्हा चढवला. तो म्हणाला, "मला कळतं गं. पण जमा नाही तिथे खर्च कसा धरू? उद्या कोणी विचारलं तर तूच अडकशील. आईकडे जाणं ते घरचंच." त्याने पेन्सिलीने रेघा मारल्या. गाडीच्या खर्चाचे दहातले सात वाटे घराकडे गेले, आणि तपासणीचे पैसेही त्यांच्याबरोबर गेले. "असंच पाठवू?"

ताझुकोने मान डोलावली. नाही म्हणून तरी काय करणार होती?

खिंडीत दोन्ही अंगांना बर्फाच्या भिंती होत्या. आश्रमाच्या दारात गाडी उभी करून तिने सवयीने मागच्या सीटवरच्या एप्रनला हात घातला, आणि मागे घेतला. कागदावर आता घरच्या फेऱ्या म्हणून लिहून झालंय, तर आज तसंच जाऊन बघावं.

तिची आई किकुए खिडकीशी बसली होती.

"आई, मी आलेय. ताझुको."

म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. मग तिचा हात चाचपडत घंटेकडे गेला. "अहो बाई! अहो, कोणीतरी आत आलंय!"

सेविका धावत आली, ताझुकोला बघून थबकली आणि हळूच म्हणाली, "मिनेगिशीबाई, एप्रन विसरलात का?"

ताझुको गाडीपाशी परत गेली. एप्रन चढवून, नाड्या बांधून ती पुन्हा खोलीत आली.

"या, या! किती वाट बघायला लावता," किकुए म्हणाली आणि आपणच खुर्ची ओढून मान वाकवून बसली.

कापायला केस होते कुठे? परवाच तर कापले होते. ताझुकोने कात्री कानाजवळ नेली आणि नुसतीच हवेत चालवू लागली. कच्, कच्. त्या आवाजाने म्हातारीचे डोळे मिटले.

"पैसे माझी मुलगी देईल हं. गाडी आहे तिची. येईलच ती."

"हो."

"आणि तुम्ही? एप्रिलात येणार ना? खिडकीबाहेरची माझी चेरी फुलते तेव्हा?"

कात्री चालतच राहिली.

"बोला की, बाई."

"मान जरा खाली घ्या, आजी," ताझुको म्हणाली.