मागाच्या ठेक्यावरचं इंग्रजी

आमच्या घरात रेडिओ बाबांच्या हातमागाशेजारीच होता. त्यामुळे इंग्रजी बातम्या मी दोन वर्षं मागाच्या खटखटीतच ऐकल्या. व्याकरण पाठ झालं, पत्रलेखनही जमलं. फक्त खटखट थांबली की इंग्रजी कळायचंही थांबायचं.

हे लक्षात आलं ते मुलाखतीच्या सकाळी. बाबा चहाला उठले आणि बातम्या सांगणारा माणूस एकदम परका झाला.

"बाबा, तुम्ही माग घेऊन माह्यासंग चला."

"अन् हे अर्धं लुगडं कोण विणन, रेडिओ? जाय गा मुकाट्यानं!"

गांधीबागेच्या कापडबाजारातल्या एका पेढीत इंग्रजी पत्रं लिहायला कारकून हवा होता. साहेबांची खोली भयंकर शांत होती. टेबलाखाली माझा पाय आपोआप माग चालवू लागला. तेवढ्यात बाहेर टाइपरायटर सुरू झाला आणि साहेब मला समजू लागले. सात प्रश्न, सात उत्तरं.

मग टायपिस्ट जेवायला गेला. साहेबांनी हसत आठवा प्रश्न विचारला. काहीच कळलं नाही. नाही म्हणण्यात धोका कमी, म्हणून मीही हसत म्हणालो, "नो, सर."

दाराला कान लावून बसलेला शिपाई जागेश्वर मला बाहेर आलेलं पाहून कळवळला. "नाही काहून म्हटलं बे? सोमवारपासून येतो का, विचारून राहिले होते सायब!"

मी टाइपरायटर उचलला, आत नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी बडवत म्हणालो, "प्लीज रिपीट, सर."