दहा लाख एक

सोनाळ्याच्या शाळेत गणित शिकवणारे शालिग्राम गुरुजी एका संख्येच्या प्रेमात पडले होते. दहा लाख एक! भर पारावर ते सांगायचे, "या टोकाले एक, त्या टोकाले एक, मधात नुसती शून्यं. हिले कोनीच भागू शकत नाही. अस्सल मूळ संख्या!"

उर्दू शाळेचे फकीर मोहम्मद मास्तर त्यांचे जिवलग दोस्त, म्हणजे अर्थातच पक्के विरोधक. "फुटते ते. मी फोडून दाखोतो," ते म्हणाले आणि पैज लागली. बाजाराच्या दिवसापर्यंत संख्या फुटली तर गुरुजींनी मास्तरांना सायकलवर बसवून बाजारातून मिरवायचं, नाही फुटली तर मास्तरांनी गुरुजींना. गुरुजी तुरीची काडी आणि मास्तर कापसाची गाठ, त्यामुळे पैज कुणाला जड जाईल ते गावाला दिसतच होतं.

मास्तरांनी सातानं भागलं, तेरानं भागलं, सतरानं भागलं. दरवेळी बाकी उरायचीच. गुरुजी मात्र निवांत होते. शंभरापर्यंत त्यांनी स्वतः भागून पाहिलं होतं. खरं तर हजारापर्यंत जायला हवं, हे त्यांना ठाऊक होतं. पण शंभरात कुणी भेटला नाही तर पुढं कोण भेटणार, म्हणून त्यांनी हात झटकले होते.

बाजाराच्या दिवशी मास्तरांनी सायकल पुढं केली. "हरलो भाऊ. बस."

गुरुजी पटका बांधून कॅरिअरवर बसले. लोक हसत होते, टाळ्या पडत होत्या. वांगी विकणाऱ्या गोजरबाईनं तर त्यांना हातच जोडले. या थाटात गुरुजींना सहज चाळा सुचला, एकशे एकानं काय होतं ते पाहू. एकशे एक गुणिले नऊ हजार नऊशे, म्हणजे नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे. उरले किती?

एकशे एक.

चुकलं असेल या आशेनं गुरुजींनी पुन्हा गुणलं. नव्हतं चुकलं. समोर मास्तरांची पाठ घामानं चिंब झाली होती आणि अर्धा बाजार अजून बाकी होता. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं?

"थांब बे फकीर."

"काऊन?"

"फुटली."

"ट्यूब?"

"संख्या!"

मास्तर हिशेब ऐकून इतके हसले की सायकल त्यांच्या हातून सुटली. नंतर ऐटीत कॅरिअरवर बसले. गुरुजींनी उभं राहून पायडल मारलं तेव्हा कुठं चाक हललं.

"अन् तो दुसरा तुकडा?" मागून आवाज आला. "नऊ हजार नऊशे एक? तो फुटते का?"

"मले बोलवत नाही बे!" गुरुजी धापा टाकत म्हणाले, पण निंबाखाली त्यांचेच पाय थांबले. दोघं उकिडवे बसले आणि काडीनं मातीत भागाकार मांडू लागले. शंभर गुणिले शंभर दहा हजार आणि हा तुकडा त्याहून लहान, म्हणजे इथं खरोखरच शंभराच्या पुढं जायचं कारण नव्हतं. या वेळी गुरुजींनी एकही आकडा सोडला नाही.

"नाही फुटत!" शेवटी मास्तर ओरडले.

"काय नाही फुटत?" गोजरबाईनं लांबून विचारलं.

दोघंही एकदमच सांगायला धावले.