एकोणीस इंची मुराळी

व्यंकटरावांच्या गाडीत बसायचं म्हणजे चालायची तयारी ठेवूनच बसायचं, हे पालममध्ये सगळ्यांना माहीत होतं. गाडी साधी नव्हे. जर्मन कंपनीची, काळी, लांबलचक. आत बसलं की मागच्या ट्रकचा हॉर्न शेजारच्या गावात वाजल्यासारखा वाटावा. त्यांच्या एकुलत्या एका मुलानं, पुण्याच्या आदिनाथनं, स्वतःला नवी घेतली आणि ही जुनी बापाला पाठवून दिली. आई गेल्यावर बापाकडं चार दिवस येऊन राहणं त्याला जमलं नव्हतं. गाडी तेवढी आली. पोरं हल्ली अशी भरपाई करतात, आणि बाप ती अंगणात झाकून ठेवतात.

पण ही गाडी जन्मली गुळगुळीत रस्त्यांसाठी. पोट जमिनीला इतकं लागून, की मागं दोन माणसं बसली आणि पुढं गतिरोधक आला, की खालून असा खर्रकन आवाज यायचा की व्यंकटरावांच्या दाढा शिवशिवायच्या. मग त्यांनी रीतच पाडली. गतिरोधक आला की थांबायचं, माणसं उतरवायची, रिकामी गाडी तिरपी करून हळूच पार न्यायची आणि पलीकडं माणसं पुन्हा भरायची. आणि या भागात गतिरोधक किती? ज्याच्या दारात कोंबडी चिरडली त्यानं एक घातलेला.

त्यातला सगळ्यात उंच ताडकळसच्या फाट्यावर, मुंजाजीच्या चहाच्या हॉटेलासमोर. काळी गाडी दिसली की मुंजाजी हातातली गाळणी उंच धरून ओरडायचा, "उतरा मंडळी, उतरा! घाट लागला!" मग बाकावरचे दोघंचौघं उठून यायचे, गुडघ्यावर हात ठेवून गाडीखाली बघायचे. "येऊ द्या मालक... डावीकडं दाबा... घासली बगा, घासली!" व्यंकटरावांना या लोकांचा मनापासून राग. बी-बियाण्यांच्या दुकानात बसून उभा तालुका ओळखणारा हा माणूस. गिऱ्हाईक दुकानाची पायरी कसं चढतं यावरून ते कापूस लावणार की सोयाबीन पेरणार हे सांगणारा. आणि त्याची इज्जत हे रिकामटेकडे गाडीच्या पोटाखाली वाकून शोधत बसायचे.

गेल्या भाऊबीजेला याच गाडीतून त्यांनी आक्काला आणलं होतं. आक्का म्हणजे थोरली बहीण, सगुणाबाई, चुडाव्याला दिलेली. तिचा उजवा गुडघा गेलेला. तरी प्रत्येक गतिरोधकाला ती दार धरून उतरली, पदर सावरत पलीकडं गेली, पुन्हा वाकून आत बसली. परत सोडायला गेले तेव्हा चुडाव्याच्या वेशीत तिनं निकाल दिला.

"व्यंकट, गाडी चांगली हाय रे तुझी. पर ती माणसाला बसवती कमी अन् उतरवती लय. मी काय आता हिच्यात बसायची न्हाई."

"मग पंचमीला?"

"पंचमीला बगू."

'बगू'चा अर्थ दुकानदाराला समजावून सांगावा लागत नाही. बगू म्हणून पायरी उतरलेलं गिऱ्हाईक पुन्हा चढत नसतं.

या मुलखात दिवाळीपेक्षा नागपंचमी मोठी. आदल्या दिवशी बहीण भावाचा उपास धरते आणि भाऊ मुराळी होऊन तिला माहेरी आणायला जातो. मुराळी आला नाही तर बाई ते मरेपर्यंत विसरत नाही. पण मुराळी गेला आणि बहीणच आली नाही तर त्या भावाचं काय होतं, हे कुठल्या गाण्यात आलेलं नाही. गेली पंचमी बायको वारल्याच्या वर्षात गेली, सण नव्हताच. ही चुकली तर पुढची चुकायला निमित्त लागणार नव्हतं. आणि आक्का सोडली तर व्यंकटरावांच्या घरी मुक्कामाला येणारं माणूस आता उरलं नव्हतं. दुकानात दिवसभर माणसं असायची, पण ती काउंटरच्या पलीकडं.

म्हणून आषाढ सरता सरता ते परभणीला चाकांच्या दुकानात गेले. दुकानदार बन्सीधर, बोलण्यात गोड, गाडी बघून आणखी गोड झालेला.

"काका, सतराची रिम हाय. अठराची अलॉय टाकू. शोभंल."

"शोभायला नको. उंच व्हायला पायजे."

"रिम मोठी घेतली की टायर बारीक घेतेत, काका. चाक होतं तेवढंच राहतं, दिसायला निस्तं भारी दिसतं."

"मग टायर बारीक घ्यायचाच कशाला? रिमबी मोठी दे, टायरबी जाड दे."

बन्सीधरनं चाकाच्या वरच्या पोकळीत चार बोटं घालून बघितली. "बसंल. पर मागं वजन आलं की गाडी दबती, मग टायर वर मडगार्डला घासंल. मागं माणसं किती बसतेत नेहमी?"

व्यंकटरावांच्या तोंडून सवयीनं आलं, "मागं कोण बसायलंय? मी एकटाच असतो."

"मग काय अडचन न्हाई. एकोणीसची टाका खुशाल."

एकटं राहायची सवय अशी असते. माणूस भात एक वाटीच लावतो, पाण्याचा तांब्या एकच भरून ठेवतो, आणि कुणी किती जण म्हणून विचारलं की खरं तेच सांगून बसतो. ज्या बहिणीसाठी चाकं घ्यायची, ती बहीण त्या उत्तरात धरायचीच राहिली. राहिली हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही, कारण परभणी ते पालम गाडी अशी आली की विचारू नका. एकटा माणूस आत, एकोणीसची चाकं खाली. एकही गतिरोधक पोटाला लागला नाही.

भावाच्या उपासाच्या दिवशी सकाळी ते पांढरं धोतर, कडक इस्त्रीचा सदरा घालून मुराळी निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगाला सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं. ताडकळसच्या फाट्यावर मुंजाजीनं लांबूनच गाडी ओळखली. गाळणी वर गेली, बाकावरची मंडळी उठली. व्यंकटरावांनी गाडी थांबवली नाही. चाकं चढली, उतरली, आत पाण्याची बाटलीसुद्धा हलली नाही. आज कसं, म्हणत त्यांनी आरशात बघितलं. मुंजाजीचा हात अजून तसाच वर होता आणि उठलेली मंडळी रस्त्याच्या कडेला हात खाली सोडून उभी होती. ज्या फजितीला वैतागून एवढा खटाटोप केला ती संपली होती. चुडाव्यापर्यंत मग त्यांना कुणीच हाक मारली नाही. वाटेतल्या बाकीच्या फाट्यांवरही लोकांनी नुसती मान वर करून बघितलं, लग्नाला निघालेल्या परक्या गाडीकडं बघावं तसं.

आक्का ओसरीवर बसली होती. पिशव्या भरलेल्या होत्या. म्हणजे यायचं ठरलेलं होतं, 'बगू' खोटं होतं. व्यंकटरावांच्या छातीतलं ओझं तिथंच निम्मं उतरलं.

"चाकं बदलली, आक्का. आता उतरायचं कामच न्हाई. चुडाव्यात बसायचं ते थेट घरी उतरायचं."

आक्का गाडीभोवती एक चक्कर मारून आली. "बैलाला उंटाचे पाय लावल्यावानी दिसायलीय," म्हणाली. पण हसली.

तिची सून बबिताही निघाली होती. तिचं माहेर पालमच्या पुढं, भाऊ मोटारसायकल घेऊन स्टँडवर येणार होता. आणि नात अर्पिता, शाळेला दांडी मारायला मिळाली म्हणून सगळ्यांत आधी मागं जाऊन बसलेली. तुरीची डाळ, राजगिऱ्याचे लाडू, नव्या साड्या. माहेरी बाई रिकाम्या हातानं जात नसते. डिकी भरली. बबिता आणि आक्का अर्पिताच्या दोन्ही बाजूंना बसल्या.

गाडी गल्लीतून वळली आणि मागून घर्रर्र असा आवाज आला. खालून नव्हे, वरून.

"काय झालं, मामा?" बबिता म्हणाली.

"काय न्हाई. चिखल असंल."

सरळ रस्त्याला जरा बरं वाटायचं. खड्डा आला, वळण आलं की घर्रर्र. थोड्या वेळानं जळक्या रबराचा वास यायला लागला. अर्पितानं नाक दाबलं. "आबा, तुमची गाडी शिजायली का?"

व्यंकटरावांना तेव्हा बन्सीधरचा प्रश्न आठवला, आणि आपलं उत्तरही. बैलगाडीच्या चालीनं कशीबशी पूर्णा गाठली आणि बसस्टँडबाहेर त्यांनी गाडी उभी केली. मागचा टायर वरून सोलवटला होता.

"वजनानं व्हायलंय," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "मागं बसलं की दबायली."

"मग?"

"तू पुढं ये, आक्का. माझ्याशेजारी. आपण दोघं गेलो तर काय व्हायचं न्हाई."

"अन् या दोघी?"

"एसटीनं येतील की. तीच पालमची लागलीय."

आक्कानं भावाकडं असं बघितलं, जसं लहानपणी पाटी फोडून आल्यावर बघायची. "सून अन् नात एसटीत उभ्या, अन् मी म्हातारी गादीवर? लोक काय म्हणतील? आमी तिघी जातो. अर्ध्या तिकिटात जातो. तू सामान घेऊन ये."

"आक्का, मी मुराळी हाय की."

"मग सामानाचा हो."

एवढं बोलून ती उतरली. उतरताना गुडघ्यावर हात ठेवला, पण कुणाचा आधार घेतला नाही.

बस पंचमीच्या बायकांनी गच्च भरली होती. बबिता आणि अर्पिता पुढं कुठंतरी शिरल्या; आक्काला मागच्या लांब बाकावर कोपरा मिळाला. व्यंकटराव गाडीत बसून बघत होते. डिकीत तुरीची डाळ, मागच्या गादीवर कुणी नाही.

त्यांना पुढं निघून जाता आलं असतं. इंजिनात तेवढं बळ होतं, आणि खाली एकोणीसची चाकं. पण ते बसच्या मागं लागले. बस थांबली की थांबायचे, निघाली की निघायचे. मागच्या काचेवर चिखल उडालेला, त्यातून आक्काचं पांढरं डोकं आणि हिरवा पदर दिसत होता. शेजारच्या बाईकडं वळून ती बोलायला लागली, आणि मग बोलतच राहिली. हात हलत होते. मधेच तिनं डोळे पुसल्यासारखं केलं, मग दोघी हसल्या. कुणीतरी उपासाचं काहीतरी दिलं, ते तिनं तोंडात टाकलं. भावासाठी धरलेला उपास. भाऊ मागं, काचा बंद करून, बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या गाडीत. एवढं हसून-रडून ती आपल्याशी शेवटचं कधी बोलली, हे त्यांनी आठवून बघितलं. भाऊबीजेला तर सगळा रस्ता उतरण्या-चढण्यात गेला. बोललो ते एवढंच, 'सांभाळून', 'पाय जपून', 'झालं, आता बस'.

मागून एक टमटमवाला हॉर्न वाजवून थकला आणि पुढं गेला. जाताना डोकं बाहेर काढून म्हणाला, "मालक, एवढी गाडी अन् एसटीचा धूर खायलाव?"

पालम आलं. बस स्टँडात शिरली तशी व्यंकटरावांनी गाडी बाहेरच ठेवली, तोंडावरून हात फिरवला आणि सावकाश चालत आत गेले, केव्हाचं येऊन थांबलेल्या माणसासारखे. बबिताचा भाऊ आलेला होता. मायलेकी त्याच्याबरोबर निघूनही गेल्या. आक्का बसमधल्या त्या बाईचा हात धरून उभी होती.

"कधीचा आलास रे?"

"लय वेळ झाला. दोनदा चहा झाला माझा."

"बरं झालं," आक्का म्हणाली.

ती बाई पेठशिवणीला जायची होती, सरजाबाई नावाची. तिनं व्यंकटरावांना नीट न्याहाळलं. "तुमीच का भाऊ? आक्का सगळ्या वाटंनं तुमचंच सांगायलत्या. बाई गेल्यापासून धड जेवत न्हाईत, घरात रेडिओ लावून ठेवतेत म्हणं, कोणीतरी बोलल्यावानी वाटावं म्हणून."

व्यंकटरावांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. आक्का भाऊबीजेला एक रात्र राहिली होती, तेवढ्यात तिनं ते ऐकलं असणार.

बोलत बोलत तिघं बाहेर आले आणि सरजाबाई गाडी बघून थबकली. चाकांवर बसनं उडवलेला चिखल, थेट बॉनेटपर्यंत. "अगं बया! हीच की ती! पूर्णेपासून आमच्या मागं लागल्ती. कंडक्टर हसून बेजार, म्हणला कोण येडं हाय, पुढंबी जाईना. तुमाला विचारलं, आक्का, तर तुमी म्हणलाव, वळखत न्हाई..."

मग तिची जीभ आपोआप थांबली. व्यंकटरावांचे दोन चहा आणि आक्काची ओळख, दोन्ही एकाच जागी उघड्यावर पडलं होतं. सरजाबाईला अचानक आपली पेठशिवणीची गाडी सुटेल असं वाटायला लागलं आणि ती गेली.

आक्का पुढच्या सीटवर बसली. पदर उगीच सारखा केला. गाडी निघाली; दोघांच्या वजनानं कुठंच काही घासलं नाही.

मग ती म्हणाली, "सगळी बस हसायलती रे. माझा भाऊ हाय म्हणलं असतं, तर तुझ्यावर हसले असते."

"बरं केलंस."

"बरं कशाचं."

व्यंकटरावांना विचारायचं होतं, बसमध्ये एवढं बोललीस, ते माझ्याशी कधी बोलशील? पण दुकानदाराला मागायची सवय नसते. घराकडं वळायची गल्ली आली. एवढ्यात घर येईल, ती चुलीकडं जाईल, आणि उद्या पंचमी, परवा जायचं. ते वळले नाहीत. गाडी सरळ बाजाराच्या अंगानं घेतली.

"इकडून कुठं चाललास?"

"जरा चक्कर."

आक्कानं गुडघा चोळला, बाहेर बघितलं. बांगड्यांची दुकानं लागलेली होती, बायकांची गर्दी होती, आणि काचेआड त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तिनं बोटांनी चाचपून बटण शोधलं आणि आपल्या बाजूची काच खाली घेतली.