दारामागची तारीखपट्टी

आमच्या वाचनालयाचे चिटणीस रोज सकाळी दहाला येत आणि उंबरठ्यावर थांबून एक मोठा श्वास घेत. फिनेलचा वास नाकात भरला की "हं" म्हणत आणि मगच आत पाऊल टाकत. त्या एका 'हं'मध्ये सगळं आलं: फरशी पुसली आहे, मावशी वेळेवर आल्या होत्या, संस्था ठीक चालली आहे. वास कमी पडला तर 'हं' येत नसे, आणि मग दिवसभर कुणाचं काही खरं नसे.

फरशीकडे मात्र ते कधी पाहत नसत. ही गोष्ट माझ्या लक्षात यायला एकतीस वर्षं लागली. मी माणूस जरा सावकाशच आहे.

मी त्या वाचनालयाचा ग्रंथपाल होतो. निवृत्त झाल्यावरही सकाळी जाऊन बसतो आणि फाटक्या पुस्तकांना पाठी चिकटवतो. ये म्हणून कुणी सांगितलेलं नाही, आणि येऊ नका असंही अजून कुणी म्हटलेलं नाही. मधल्या फटीत माझं बरं चाललं आहे.

मावशी अठरा वर्षं तिथली साफसफाई करतात. त्या मला काका म्हणतात, मी त्यांना मावशी म्हणतो. या नात्याने आम्ही एकमेकांचे कोण लागतो, ते दोघांनाही सांगता येणार नाही. त्यांना खोकला होता. इतका नेहमीचा की मान वर न करता मला कळायचं, आत्ता त्या मासिकांच्या मांडणीपाशी आहेत, आत्ता मागच्या जिन्यात. घड्याळाच्या ठोक्यांसारखा मी तो खोकला ऐकत होतो. आज लिहिताना याची लाज वाटते.

एका मंगळवारी तो खोकला थांबेचना. मी डिंकाचे हात तसेच घेऊन मागे गेलो. मावशी मागच्या पायरीवर बसल्या होत्या, डोळ्यांना ओलं फडकं लावून, आणि श्वास घेताना त्यांच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. आदल्या दिवशी चिटणीसांनी संडासातल्या डागावरून बोल लावला होता. म्हणून मावशींनी ॲसिड ओतलं, आणि डाग जाईना म्हटल्यावर त्यावर ब्लीच. दोन्ही टाकलं की दुप्पट साफ निघेल, असा त्यांचा सरळ विचार. दार ढकललं तर माझ्याही घशाला झोंबलं. मी दार सताड उघडं टाकून मागे पळालो, मावशींना अंगणात लांब नेऊन बसवलं, आणि मग कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, आणि सांगितलं की आज थोडक्यात निभावलं. पण रोजचा खोकला आणि बोटांच्या भेगा याही त्याच बाटल्यांच्या कृपेने आहेत. एक तर बाटल्या सोडा, नाही तर काम सोडा.

परत येताना मावशी वाचनालयाच्या फाटकाशी थांबल्या. मग उद्या सुट्टी आहे असं सांगावं तशा म्हणाल्या, "पहिल्या तारखेपासून येत नाही मी, काका."

मी विचारलं, घरी करमेल का.

"नाही करमणार. घरी सून दिवसभर बोलते. इथे बरं आहे, भिंतीवरच लिहिलंय, शांतता राखा."

पहिल्या तारखेला अकरा दिवस उरले होते.

त्या दुपारी मी त्या दोन्ही बाटल्या जिल्द तपासायच्या भिंगाखाली धरल्या. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: दुसऱ्या कोणत्याही द्रव्यात मिसळू नये, हवेशीर जागी वापरावे, हातमोजे घालावेत. आयुष्यभर मी लोकांना वाचा, वाचा म्हणून सांगत आलो, आणि माझ्यापासून वीस पावलांवर उभ्या असलेल्या बाटलीवरच्या तीन ओळी मी वाचल्या नव्हत्या. मावशींना वाचून दाखवल्या नव्हत्या.

मला दुसरं काही येत नाही, म्हणून मी वाचायला बसलो. दोन दिवस वाचलं. मला कळलं ते फार थोडं, आणि तेही बहुधा सगळ्यांना आधीच ठाऊक असणार. फरशीवर असते ती मुख्यतः धूळ आणि जोड्यांची माती; ती कोमट पाण्याला आणि चमचाभर साध्या साबणाला ऐकते. काचांना पाण्यात थोडं व्हिनेगर पुरतं. बेसिनला खाण्याचा सोडा आणि जरा मनगट. आणि त्या बाटल्यांमधला वास हा नुसता वास असतो, तो काही पुसत नाही.

हे सगळं मी घरी मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ही शेंगा सोलत होती. सोलतच राहिली.

"आपलं बेसिन मी सोड्याने घासते," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून. चाळीस वर्षांत तुम्हाला ते दिसलं नाही. छापून आलं तेव्हा दिसलं."

मी पान उलटलं.

गुरुवारी मावशींनी साबणाच्या पाण्याने सुरुवात केली. मी त्यांच्यासाठी रबरी हातमोजे आणले होते. ते घालून त्यांनी हात वर धरले आणि शस्त्रक्रियेला कुणाला घेऊ म्हणून विचारलं. फरशी छान निघाली. खिडकीच्या गजांच्या सावल्या तिच्यात उतरल्या होत्या.

दहा वाजता चिटणीस उंबरठ्यावर थांबले. श्वास घेतला. पुन्हा घेतला. 'हं' आला नाही. आज पुसलेलं दिसत नाही, असं ते म्हणाले. मावशी म्हणाल्या, पुसलंय. मग वास का नाही, असा त्यांचा प्रश्न. मावशींनी बादली भरली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळी खोली परत पुसली. चिटणीस उभे राहून पाहत होते, म्हणजे हवेत पाहत होते, आणि शेवटी मान हलवून आत गेले.

शुक्रवारी तेच. शनिवारी ते स्वतः एक मोठा कॅन उचलून घेऊन आले. दुप्पट वासाचं, असं त्यावर लिहिलेलंच होतं. तो मावशींच्या बादलीशेजारी ठेवून ते माझ्याकडे आले आणि हळू आवाजात म्हणाले, या कामाला दुसरी कुणी बाई तुमच्या पाहण्यात आहे का.

माणूस वाईट नाही. छप्पर गळत होतं तेव्हा हेच शिडीवर चढले होते. फक्त त्यांचा नाकावर फार विश्वास. त्यात ते स्वतः अंगावर इतका सुगंधी फवारा मारून येत की त्यांची सायकल वळणावर असतानाच वाचक ताठ बसत. एवढ्या दरवळात त्यांच्या नाकाला आणखी काही कळायचं, हेच नवल.

त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. पण मी म्हणालो, "बघतो." एवढाच शब्द. मावशी मांडणीपलीकडेच होत्या. त्यांनी ऐकलं होतं. माझ्या टेबलाखालून फडकं फिरवताना त्या रोज "पाय वर घ्या" म्हणायच्या, ते त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

सोमवारी दुपारी कार्यकारिणीची सभा होती. एकतीस वर्षं मी त्या सभांना बसलो आणि 'होय' व 'नाही' याखेरीज काही बोललो नाही. 'नाही' तर एकदाच, कुणी चहा विचारला तेव्हा. या वेळी बोलायचं ठरवलं. विषयपत्रिका लिहायचं काम निवृत्तीनंतरही माझ्याकडेच राहिल्यामुळे शेवटचा विषय 'साफसफाई' असा घालता आला. बोलायचं ते सूचीच्या कार्डांवर लिहून काढलं. अकरा कार्डं झाली. हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, चौथ्या कार्डाला सगळे झोपतील, काहीतरी दाखवा.

दाखवायचं म्हणून मी सभेच्या आधी वाचनालयातच एक घरगुती द्रावण तयार केलं. एका पुस्तकात व्हिनेगरची स्तुती होती, दुसऱ्यात सोड्याची. दोन्ही लेखक विश्वासू. तेव्हा दोन्ही एकत्र केलं तर दुप्पट गुण येईल, असं मला वाटलं. शाईच्या जुन्या बाटलीत व्हिनेगर ओतलं, वरून दोन चमचे सोडा घातला, आणि फेस उसळतो आहे असं पाहून, औषध भलतंच जोरदार निघालं अशा आनंदात बूच घट्ट दाबून बसवलं. बाटली सभेच्या टेबलावर मधोमध ठेवली.

अध्यक्ष आणि इतर तीन सभासद बसले. चिटणीसांनी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायला घेतलं. दुसरं वाक्य पुरं होण्याआधी बूच उडालं. ते पंख्याच्या पात्याला लागून कपाटावर आपटलं, आणि पांढरा फेस टेबलभर पसरत इतिवृत्ताच्या वहीपर्यंत गेला. खजिनदार टेबलाखाली होते. अध्यक्षांच्या चष्म्यावर फेसाचे थेंब होते आणि त्यांना त्यामागे काहीच दिसत नव्हतं. मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळेच.

मी उभा होतो. अकरा कार्डं फेसात भिजली होती. माणसाची एकदा पुरती फजिती झाली की पुढे घाबरायला काही उरत नाही, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

"यात खायच्या दोन वस्तू होत्या," मी म्हणालो. "मी शिकलेला माणूस, दोन दिवस वाचून बसलेलो. तरी दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की आणखी चांगलं होईल, असं मला वाटलं. मावशींनाही तसंच वाटलं होतं. फक्त त्यांच्या हातात आपण दिलेल्या बाटल्या होत्या."

आणि मग मी मंगळवारची गोष्ट सांगितली. पायरीवरची, शिट्टीची, डॉक्टरीणबाईंची. मुंगीच्या पायांएवढी अक्षरं मी वाचली नव्हती, हेही सांगितलं. शनिवारी दुसरी बाई बघतो म्हणालो, ते चुकलो, हेही. आता कुणी हसत नव्हतं. चिटणीसांना मंगळवारचं काहीच ठाऊक नव्हतं. ते वहीवरचा फेस बोटाने बाजूला करत बसले.

मग ते म्हणाले, "हे सगळं मान्य. पण मग फरशी पुसली हे मला कळायचं कसं?"

प्रश्न खोटा नव्हता. ते खरंच विचारत होते. मी अध्यक्षांकडे पाहिलं, अध्यक्षांनी चष्मा पुसत माझ्याकडे. अकरा कार्डांपैकी एकावरही याचं उत्तर नव्हतं.

मावशी फेस टिपायला फडकं घेऊन दारात येऊन उभ्या होत्या. टेबल पुसता पुसता, कुणाकडेही न बघता त्या म्हणाल्या, "पुस्तक नेलं की त्यावर तारीख मारतात. पुस्तक गेलं का, ते कुणी वास घेऊन बघत नाही."

टेबल पुसून झालं. मग चिटणीस उठले. देवघेवीच्या टेबलावरून तारखेचा शिक्का आणि शाईचं पॅड घेऊन आले. शिक्क्याबद्दल त्यांना किती आदर, ते मला माहीत होतं. नव्या कारकुनाला महिनाभर ते त्याला हात लावू देत नसत. शिक्का त्यांनी मावशींसमोर ठेवला.

मावशी अठरा वर्षं त्या शिक्क्यावरची धूळ पुसत होत्या. उचलून मारला कधीच नव्हता.

पुस्तकाच्या शेवटी चिकटवतात तशी एक तारीखपट्टी मी दुसऱ्या दिवशी वाचनालयाच्या दारामागे चिकटवली. मावशींनी फरशी पुसली, हात कोरडे केले आणि शिक्का मारला. इतक्या जोरात की दार दणाणलं आणि तारीख उलटी उमटली. चिटणीस दहाला आले. उंबरठ्यावर थांबले, सवयीने श्वास घेतला, मग दार पुढे ओढून मागे पाहिलं. मान तिरपी करून ती उलटी तारीख वाचली आणि म्हणाले, "हं."

पहिली तारीख आली आणि गेली. मावशी आल्या होत्या.

बोटांच्या भेगा भरत आल्या आहेत. खोकला महिनाभरात पुष्कळ उतरला, आणि त्यामुळे माझी पंचाईत झाली आहे. त्या खोलीत कुठे आहेत ते आता कळत नाही. परवा अचानक कानाशी "पाय वर घ्या" ऐकून माझ्या हातून डिंक सांडला. दुप्पट वासाचा तो कॅन सील न फोडता मागच्या दाराला टेकवून ठेवला आहे. त्याने दार दिवसभर उघडं राहतं आणि वारा येतो. त्या कामाला तो फार चांगला आहे.

एकदा चिटणीस मांडण्यांमध्ये उभे राहून इकडेतिकडे हुंगत होते. हा कसला वास येतो आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, जुन्या कागदाचा, इथे कायम असतो. ते जरा वेळ तिथेच उभे राहिले. तेवढ्यात मावशींना चार शिंका आल्या, एकामागून एक. नाक पुसत त्या म्हणाल्या, "साहेब, फरशीचा वास गेला. आता तुमचाच तेवढा राहिलाय."

हातात शिक्का आल्यापासून मावशी अशा बोलतात. मी पुस्तकात डोकं घातलं.

पुढच्या सोमवारी चिटणीस नुसत्या साध्या साबणाने अंघोळ करून आले असावेत, कारण ते आले हे कुणालाच कळलं नाही. वर्तमानपत्राच्या टेबलावर दोन वाचक मोठमोठ्याने गप्पा मारताना सापडले.

पहिली तारीखपट्टी काल भरली. मी नवी चिकटवत होतो, तर मावशी मागे उभ्या राहून पाहत होत्या. जुनीवरच्या सगळ्या तारखा त्यांनी बोट लावून वाचल्या, उलट्यासुद्धा.

"बघा काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या एवढ्या पुस्तकांत इतक्यांदा बाहेर गेलेलं एक तरी आहे का?"

मी आठवून पाहिलं. नव्हतं.