देवाच्या पाटाखालची तबकडी

मी फोनोची एक काळी तबकडी बोलते आहे. अंगाने किंचित वाकडी आहे, पण गळा शाबूत आहे. आणि याबद्दल ज्याचे उपकार मानावेत, त्याचे नाम या घरात पहाटेपासूनच घेतले जाते.

माझा जन्म सातासमुद्रांपलीकडचा, देह लाखेचा. माझ्यात शब्द नाहीत. एका वादकाने सॅक्सोफोनच्या पितळेत फुंकलेले आर्त तेवढे आहे. महायुद्धात, इटलीतल्या लष्करी इस्पितळात, एका अमेरिकी शिपायाने मला दोन जखमी मराठ्यांच्या हाती दिले. एक कऱ्हाडकडचा जोतिबा, दुसरा माणदेशातल्या मेंढपाळाचा लेक ज्ञानू.

ज्ञानू स्वतः पावा वाजवणारा. डोळे मिटून ऐके आणि एका जागी हात वर करी. "हितं दम घेतला बघ, जोत्या! ह्यो गडी वाजवत न्हाई रं, हाका मारतोय."

बरा होऊन ज्ञानू आघाडीवर गेला, तो परतला नाही.

सेहेचाळीस साली जोतिबा मला आणि चावीचा फोनो घेऊन गावी आला. ज्ञानूविषयी तो घरात चकार शब्द बोलला नाही. एकटाच बसून मला ऐके. त्याचे वडील दादासो भजनी मंडळाचे प्रमुख. ते म्हणत, "म्हस अडलीया जणू!"

त्याची आई रंगुबाई सोवळ्याची. मी मढ्यांच्या मुलखातून आलेली, म्हणून एके दिवशी तिने माझ्यावर गोमूत्र शिंपडले आणि भक्तिभावाने मला चैत्राच्या उन्हात, कुरडयांशेजारी वाळत घातले. दुपारपर्यंत माझ्या कडा पापडासारख्या वर आल्या.

जोतिबा शेतावरून आला. मला मांडीवर घेऊन खाली बसला. "आये, ज्ञानूचं एवढंच ऱ्हायलं हुतं गं."

"कोण ज्ञानू, लेकरा?" तिने विचारले आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ती रडू लागली.

दादासोंनी माझ्या कडेवर नख दाबले, वास घेतला. "लाख हाय ही. विळ्याच्या मुठीत वततो तीच. उन्हानं वाकली, उन्हानंच सरळ हुईल." त्यांनी देवघरातले दोन पाट काढले.

"आवं, द्येव कुठं बसायचं?"

"बसतील भुईवर एक दीस. भक्तापायी ह्याच्याहून लय काय काय केलंय त्येंनी."

पुन्हा उन्हात मऊ करून त्यांनी मला दोन पाटांत घातले, वर जात्याची तळी ठेवली आणि सावलीत रात्रभर निवू दिले. त्या घरात त्या रात्री देव भुईवर निजले.

सकाळी जोतिबाने चावी फिरवली. सुई माझ्या अंगावर नावेसारखी वरखाली झाली, खरखरली, आणि सूर उमटला! थोडा डुलत, पण तोच.

दादासोंनी हातातले टाळ खाली ठेवले. डोळे मिटले. एका जागी त्यांचा हात आपसूक वर गेला. "हितं दम घेतला बघ त्यानं."

जोतिबा हसला. हसता हसता रडला, आणि मग ज्ञानूची सारी कथा त्याने सांगितली.

आज जोतिबा मला माणदेशात नेतो आहे, ज्ञानूच्या आईकडे, मनुबाईकडे. रंगुबाईने मला आपल्या धुवट लुगड्यात बांधले.

"उन्हात धरू नगंस रं."

"आये, हे तू सांगतीस?"

दोघेही हसली. मी निघते. एका मातेला तिचा लेक जिथे हात वर करी, ती जागा ऐकवायची आहे. तेवढे होईतो, विठुराया, ऊन जरा बेताचे पडू दे.